काकांची किनार

उमरेडच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर काका-पुतणी बसले होते. पुतणीच्या मांडीवर नुकताच घेतलेला जुना लॅपटॉप होता.

“अंजू, आय-सेव्हन सोडून आय-फाइव्ह काहून घेतला वं? मोठा आकडा चांगला नसते का?”

“त्या आय-सेव्हनमध्ये दोनच कोर होते, काका. हा त्याच्याहून एक साल नवा हाय, याच्यात चार हायेत.”

“म्हणजे तिथं दोन विणकर, अन् इथं चार?”

“तसंच समजा. अन् हा स्वस्तही पडला.”

“दुकानवालीनं महागाचा दिला असता, तरी आपल्याले काय समजलं असतं!”

“तिनंच म्हटलं, तुमचं डिझाइन दोन्हीवर उघडून पाहा. त्याच्यावर मोठं करताच अटकलं. याच्यावर झटक्यात झालं.”

“माझीच किनार होती ना ती?”

“हो. काकूच्या लुगड्यावरून काढली मी.”

“नजर कमी झाली अन् माग सुटला माझा. आज इतक्या वर्षांनी एकेक धागा दिसला मले.”

“म्हणून डोळे पुसून राहिले होते दुकानात?”

“त्या बाईनं पाहिलं का?”

“पाहिलं. म्हणून तर तिनं किनार आणखी मोठी करून दाखवली.”

“लय भलं होवो तिचं. उघड ना वं, उमरेड येतपर्यंत पाहत बसतो.”