मान मोफत मोडून मिळेल

सुज्ञ वाचकहो! मणक्यांवर हातांनी उपचार करणाऱ्या तज्ज्ञास कायरोप्रॅक्टर असे संबोधण्यात येते. अशा तज्ज्ञाकडे प्रथमच जाऊ इच्छिणाऱ्या, परंतु मनातून धास्तावलेल्या जनांच्या माहितीस्तव पुढील संवाद सादर करीत आहे. यात एक केशकर्तनकार आहे, ज्याची मान नऊ दिवसांपासून डावीकडे वळत नाही. त्याची पत्नी आहे, उपचार करणाऱ्या डॉक्टरबाई आहेत, आणि अखेरीस एक निवृत्त मास्तर आहेत. संवाद मध्यापासून आरंभ होतो; त्यापूर्वीचे बोलणे केवळ चपला कुठे काढाव्यात याविषयी होते.

केशकर्तनकार : बाई, एवढं काय लिहून घेताय? एकदा कट् करा, मी निघतो. दुकानात गिऱ्हाईक बसलंय.

पत्नी : कुणी बसलेलं नाही. कुलूप लावून आलोय आपण.

डॉक्टर : पहिल्या भेटीत आधी विचारते, मग तपासते. उपचार त्यानंतर. हाताला मुंग्या येतात? बधिरपणा?

केशकर्तनकार : नाही.

पत्नी : डावीकडचं दिसत नाही त्यांना. काल एकाचा एक कल्ला कानापाशी ठेवला आणि दुसरा जबड्यापर्यंत.

केशकर्तनकार : तो हसत गेला.

पत्नी : ज्या बाजूने हसत होता, तेवढीच तुम्हाला दिसली.

डॉक्टर : चक्कर येते? रक्त पातळ करायच्या गोळ्या घेता? हाडं ठिसूळ झाल्याचं कुणी सांगितलंय?

केशकर्तनकार : नाही, नाही आणि नाही. बाई, सव्वीस वर्षं मी लोकांच्या माना मोडतोय. दाढीनंतर, मोफत. पाटीवरच लिहिलंय. एकालाही असलं काही विचारलं नाही.

डॉक्टर : एकालाही?

केशकर्तनकार : ‘सैल सोडा’ एवढं म्हणतो.

डॉक्टर : आणि तुमची मान कशाने धरली?

पत्नी : सांगा ना.

केशकर्तनकार : गिऱ्हाईक नव्हतं. हात रिकामे होते. आरशासमोर उभा राहून स्वतःचीच मोडली.

डॉक्टर : ‘सैल सोडा’ म्हणालात?

केशकर्तनकार : म्हणालो. मीच ऐकलं नाही.

डॉक्टर : लिहून घेते.

केशकर्तनकार : ते चक्करेचं कशाला विचारलंत?

डॉक्टर : चक्कर येणाऱ्याच्या मानेला मी झटका देत नाही. आधी दुसऱ्या डॉक्टरांकडे तपासायला पाठवते.

पत्नी : अहो, कुणाची आठवण झाली?

केशकर्तनकार : आपले शाळेतले मास्तर. गेल्या महिन्यात मान मोडल्यावर भिंत धरून उठले. म्हणाले, जरा गरगरलं. मी म्हटलं, म्हणजे बरोबर मोडली.

पत्नी : मग?

केशकर्तनकार : मग आले नाहीत. दर बुधवारी येणारा माणूस.

डॉक्टर : चौकशी केलीत?

केशकर्तनकार : त्यांचं घर दुकानाच्या डाव्या हाताला आहे.

पत्नी : मान धरायच्या आधीही तिकडेच होतं.

डॉक्टर : आज मी मान मोडणार नाही. हाताने हळूहळू मोकळी करते, दोन व्यायाम दाखवते. दुकानातली खुर्ची उंच करा, वाकून दाढी करू नका. एका दिवसात पूर्ण वळेल असं समजू नका. आणि आवाज येणार नाही.

केशकर्तनकार : आवाज नाही, तर बरं झालं हे कळणार कसं?

डॉक्टर : डावीकडे बघता येईल.

(आठ दिवसांनी. मास्तरांचे दार.)

मास्तर : अरे, तू?

केशकर्तनकार : चक्कर येते का, मास्तर?

मास्तर : आत तर ये.

केशकर्तनकार : हातापायांना मुंग्या? रक्त पातळ करायच्या गोळ्या?

मास्तर : गोळ्या चार वर्षं घेतोय. चक्कर दोन दिवस होती. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले आता काळजी नाही. तुला हे आज सुचलं?

केशकर्तनकार : आधी विचारायला हवं होतं. चुकलं माझं. यायलाही उशीर केला.

मास्तर : मीही आलो नाहीच. ‘मान नको’ म्हणायचा संकोच वाटला. एवढ्या वर्षांत तुला कधी नाही म्हटलं नव्हतं.

केशकर्तनकार : पाटीवरचं पुसून घेतलंय.

मास्तर : आणि तुझी गिऱ्हाइकं?

केशकर्तनकार : दोन समोरच्या दुकानात गेली. जाऊ देत. दाढी वाढलीय तुमची. सामान आणलंय, बसा.

मास्तर : सैल सोडू?

केशकर्तनकार : नका सोडू. बसा तसेच. मी डावीकडून सुरू करतो.

संवाद येथे समाप्त झाला. आपण तो शेवटपर्यंत वाचलात, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार. पाटीवरील ते चार शब्द लिहिले मीच होते, आणि पुसलेही मीच.

आपला नम्र,
पाटीवाला तात्या