सशाच्या पुस्तकाचा सूड

...ससा! मुखपृष्ठावर चक्क ससा, तोही गाजर कुरतडणारा! तुम्हाला सांगतो, शाळेचं तोंड मी जेमतेम पाहिलं. पण छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता व्याकरण शिकलो, इतिहास पालथा घातला, तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांशी झुंजलो, आणि या वयात, वाचनालयातल्या माझ्या ठरलेल्या खुर्चीवर, रंगीत कागदात गुंडाळून कोणी ठेवावं काय? तर ससा! असा अपमान गिळून मी गप्प बसणारा नव्हे!

त्याचं असं आहे, वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या ग्रंथपालबाईंना चांगुलपणाचं भरतं येतं. यंदाचा फतवा काय, तर प्रत्येकानं एका अनोळखी वाचकासाठी पुस्तक निवडावं आणि गुपचूप त्याच्या खुर्चीवर ठेवावं. कोणी ठेवलं ते सांगायचं नाही. न सांगायला काय झालं? मी बाईंच्या टेबलासमोर जाऊन नुसता उभा राहिलो. एक शब्द न बोलता! शेवटी त्याच कुजबुजल्या, "अहो, ती समोरच्या टेबलावरची. परीक्षेचा अभ्यास करते. गुणी आहे हो पोर!"

गुणी? थांब म्हटलं, तुझे गुण काढतो! तर्कशास्त्राचा सगळ्यात जाडजूड खंड कपाटातून उतरवला. अक्षर मुंगीएवढं, तळटिपा मुंगीच्या पिल्लाएवढ्या! छान गुंडाळला आणि ठेवला तिच्या खुर्चीवर. वाच आणि रड! मी गप्प बसणारा नव्हे!

दुसऱ्या दिवशी ती गुणी पोर धावत माझ्यापाशी. "आजोबा, तुम्हीच ना? अहो, हाच खंड शोधत होते मी! परीक्षेला लावलाय!"

घ्या! सूड उगवायला जावं, तर उपकार उगवतो!

पण मी हटतो काय? म्हटलं, "मुली, नुसतं वाचून हे डोक्यात शिरत नाही. बस. मी समजावून सांगतो." असं कंटाळवायचं, असं कंटाळवायचं, की पुन्हा कुणा अनोळखी माणसाचं भलं करण्याची छाती होऊ नये! ऐटीत ग्रंथ उघडला... आणि काय सांगू! ओळी कुठे आहेत? नुसती राखाडी पट्टी! हात लांब केला, खिडकीकडे सरकलो, चष्मा पुसला... हे आजचं नाही हो. गेले काही महिने मी नुसती पानं उलटतो. पान उलटल्याचा आवाज येत राहिला, की माणूस वाचतोय असंच जग धरून चालतं. पण हे बाहेर फुटलं तर? वाचक म्हणून कमावलेली सगळी अब्रू गेली की! (सशाचं पुस्तक तेवढं अथपासून इतिपर्यंत वाचलं. स्वच्छ दिसलं. पण तो मुद्दा वेगळा!)

मग खाकरून म्हटलं, "आधी मोठ्यानं वाचून दाखव. उच्चार तपासतो."

झालं! आत मोठ्यानं वाचायला बंदी, म्हणून आम्ही दोघं जिन्यात. ती वाचते, मी डोळे मिटून चुका धरतो. "'ष' पोटफोड्या आहे, जरा जीभ वळव!" मी काय, गप्प बसणारा नव्हे!

परवा वाचता वाचता थांबली. हळूच म्हणाली, "आजोबा, रागावू नका हं. मोठ्या अक्षरांची पुस्तकं इथे फक्त मुलांच्याच कपाटात आहेत. म्हणून ससा."

मी भिंतीकडे बघितलं. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"आणि दुसरं असं," कार्टी थांबेल तर शपथ, "चूक सापडली की तुमचा चेहरा कसा फुलतो! पण हल्ली माझ्या चुकाच होत नाहीत. मुद्दाम करू का थोड्या?"

आता सांगा, हिचा सूड घ्यायचा तरी कसा? तुम्हाला सांगतो, मी बराच वेळ गप्प बसलो... आणि म्हटलं, "कर. पण जरा बारीक कर. ढोबळ चुका काढायला मला कमीपणा वाटतो!"