मुंगीचं वय

मळभ आलंय म्हणून दिवा लावलाय, नाहीतर या वेळी आरशात ऊन येतं — मान जरा खाली — हां. तो स्टूल होय? माझ्या नातीचा, मुंगीचा. शाळा सुटली की तिथं बसून गिऱ्हाइकांना टॉवेल देते. आज नाही आली. शेजारी शिंपीणबाईंच्या दुकानात बसलीय. किती वर्षांची? पा— थांबा, वस्तरा बाजूला करतो आधी.

सातव्या महिन्यातच झाली हो ती. ओंजळीत मावेल एवढी, काचेच्या पेटीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, दोन वर्षांची होईस्तोवर तिचं वय बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा, उगाच दुसऱ्या पोरांशी तुलना नको. शहाणी बाई. मोजलं. पण पुढं काय झालं — मुंगी उशिरा बसली, उशिरा बोलली, चवड्यांवर चालते, जाड भिंगांचा चष्मा, पेन्सिल धरली की बोटं दमतात. या खुर्चीत बसलेला कुणीही विचारणार, केवढी आहे? खरं सांगितलं की आरशात त्याच्या भुवया वर — मला दिसतात ना, माझा धंदाच आरशापुढचा! मग मी एक वर्ष कमी सांगू लागलो. मग दोन. लोक म्हणायचे, वा, पाचाच्या मानानं हुशार आहे की! आणि मला बरं वाटायचं — हो, बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. शाळेचं तोंड नाही पाहिलं मी, पण वजाबाकी तेवढी जमली. आणि ती तिथंच असायची हो, टॉवेलाची घडी घालत. मला वाटायचं, लहान आहे, तिला काय कळतंय — हलू नका, कानामागं राहिलंय.

आज शिंपीणबाईंनी गणवेशाचं माप घेताना सहज विचारलं, कितवं लागलं गं तुला? मी दारातच उभा. पोरीनं आधी माझ्याकडं पाहिलं. चष्मा वर सारला. म्हणाली, "खरं सांगू, की आजोबांचं?"

मी तसाच दारातून मागं फिरलो.

सात पूर्ण आहेत, साहेब. आठवं लागलंय. तिला आणायला अजून गेलो नाही — चार पावलांवर दुकान, पण पाय उचलत नाही. झालं तुमचं, उठा. टॉवेल आज तुमचा तुम्हीच घ्या. शिंपीणबाई? त्या काय म्हणणार — टेप गळ्यात टाकली नि म्हणाल्या, "काका, पोर तर वेळेआधीच येऊन बसलीय. तुम्ही कधी पोचताय?"