मिशीवाल्यांची पोटं

“आमच्या पायलचं माहेर तळ्यावरचं हाय व चंदाबाई! मासोळीचं पोट पाह्यलं का नर का मादी, सांगूनच टाकते!”

...हे सासूबाई कुंपणापलीकडच्या शेजारणीला सांगत होत्या आणि मी अलीकडे कपडे वाळत घालत होते. तुम्हाला सांगते, टॉवेल हातातच राहिला! बाबा तळ्यात जाळं टाकतात हे खरं, पण नर का मादी? आमच्याकडे मासोळी येते ती विळीवर जायला, लग्न जमवायला नाही! पण नव्या सुनेनं सासूला खोटं कसं पाडायचं? मी मान हलवली.

झालं! माझ्या दिराच्या, रोशनच्या काचेच्या टाकीत बोटभर मिशीवाल्या मासोळ्या, आणि त्यांची पिल्लं काढायचा घराला ध्यास. चंदाबाई म्हणाल्या, “मिशा हायत ना? मंग सप्पा नरच!” सासरे म्हणाले, “थांबा, सुनेले पाहू द्या.” मी वरून पाहिलं... मला बघायला आले होते तेव्हा ह्यांनी पाहिलं होतं ना, तस्संच! सगळ्यांची पोटं गोल. “सगळ्या बायाच,” मी पुटपुटले. आणि खरं सांगू? बरंही वाटलं. घरादाराची नजर मासोळीच्या पोटावर आहे तोवर माझ्या पोटावर तरी नाही!

मग रोशननं बल्लारपूरहून दोन सडपातळ नवरदेव आणले. “बराबर हायत ना?” मी मान हलवली. चंदाबाईंनी पिल्लं सांगून ठेवली. सासूबाईंनी अर्ध्या गडचांदूरला सांगितलं. आणि थोड्या दिवसांत नवरदेवही गोल! “हेबी बायाच?” सासरे थक्क.

तेव्हा उलगडलं. सासरे सकाळी गुपचूप दाणे टाकतात, सासूबाई दुपारी, “बिचाऱ्या उपाशी हायत व” म्हणत, आणि संध्याकाळी रोशन! अहो, कोणाचं पोट गोल होणार नाही? दाणे आवरले, तर हळूहळू सगळी टाकीच सडपातळ... बाई एकही उरली नाही! मला तोंड लपवायला पदर पुरेना. माझ्या मान हलवण्यापायी बाबांचं अख्खं तळं बदनाम!

आणि नेमक्या चंदाबाई रिकामी बरणी घेऊन हजर. “पिल्लं कुठी हायत?” सासूबाई माझ्याकडे वळल्या, “काऊन व पायल, तुमच्या घरी पोट पाहून समजते ना?”

मान हलेचना. तोंडच उघडलं.

“आई, आमच्या घरी नर का मादी कोनी पाह्यतच नाई. रस्सा का तळेल, एवढंच इचारतेत.”