फाटकावरची डिझेलची बाटली

जमलेल्या मंडळींनो, वैनी, ट्रकअड्ड्यावरच्या माज्या भावांनो,

मी रायप्पा, भुसाराच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. बोलायला उभा ऱ्हायलोय. सिद्रामअण्णा गेले. रेल्वे फाटकावरचे आपले ट्रॅफिक हवालदार गेले. मंगळवारी ड्युटीवर हुते, गुरुवारी आपण मूठमाती दिली. काय बोलायचं?

गेल्या साली डिझेल मिळंना झालं हुतं, आठवतंय? पंप उघडायच्या आदी रांग लागायची. तवा अण्णा मला म्हणाले, "रायप्पा, पंपावर डिझेल न्हाय म्हणून रडतोस, आन् फाटक पडलं की हितं उभ्याउभ्या जाळतोस की!"

मी म्हटलं, "अण्णा, उभी गाडी कितीसं खातीया?"

"चल, बघू या," म्हणाले.

बघितलं की! मिस्त्रीकडनं काचेची बाटली आणली, डिझेल भरलं, नळी लावून इंजनाला जोडली. फाटक पडलं. त्या दिवशी एकामागं एक दोन मालगाड्या गेल्या. आमी बोलत बसलो आन् बाटली तळाला गेली. नळीत हवा शिरली, ट्रक बंद पडला. मागं सगळी रांग हॉर्न वाजवायलीय, आन् रस्ता मोकळा करायचा हवालदारच ट्रक ढकलतोय! लई हसलो तवा.

दुसऱ्या दिवशी डोळा ठेवून बसलो. एक मालगाडी गेली. चाक हललं न्हाय, आन् बाटली निम्मी!

मग अण्णांना चैन पडंना. खिशात चिंचोके घेऊन यायचे. फाटक पडलं की रांगेतल्या एकेका चालू इंजनाला एक चिंचोका डाव्या खिशातनं उजव्या खिशात. घरी जाऊन किती बाटल्या जळल्या त्याचा अंदाज काढायचे. बैलगाडी मोजत नसत. म्हणायचे, "बैल तुमच्यापेक्षा शाणा हाय. उभा ऱ्हायला की धूर सोडत न्हाय."

एका दिवशी ड्युटी संपली आन् त्यांनी तोंडाला बांधलेला रुमाल सोडून माज्यापुढं धरला. पांढरा रुमाल, नाकातोंडापाशी काळाकुट्ट. म्हणाले, "बाटलीतलं निम्मं कुटं गेलं, ते घावलं बघ."

मंडळी, मी सायलेन्सर खोललाय. आतला कार्बन खरवडून काढलाय. तसलाच काळा हुता तो रुमाल. सायलेन्सर खोलता येतो. माणसाची छाती कशी खोलायची?

त्या दिवसापासनं ते एकेका ट्रकच्या दारापाशी येऊन कानडीत म्हणायचे, "बंद माडप्पा!" बंद कर रे बाबा. आन् आमी काय म्हणायचो? "अण्णा, बॅटरी उतरलीया, सेल्फ उचलत न्हाय. बंद केली तर परत चालू व्हायची न्हाय." ते म्हणायचे, "मी हाय की ढकलायला."

वैनी, तुमच्या मालकांना कधी सांगितलं न्हाय, ते आज खरं सांगतो. तवा माजी बॅटरी नवी हुती. मी खोटं बोललो. का बोललो? कुणास ठावं. सवय. आन् रांगेत माजा ट्रक बहुतेक पुढंच असायचा, अण्णांच्या अगदी बाजूला.

डॉक्टर म्हणाले, छाती आदीपासनंच नाजूक हुती, धुरानंच गेले असं सांगता येत न्हाय. असंल. पण मला भ्या वाटतंय, मंडळी. लई भ्या वाटतंय. सकाळी खाकरलो की मोरीत काळं पडतं. बायकोला दिसायच्या आदी मी त्यावर तांब्या ओततो. ती हितंच बसलीया. तिलाबी आताच कळतंय.

तुमच्यातल्या कितीजणांच्या मोरीत काळं पडतंय? हात वर करू नका. पण मान खाली का घातली?

उद्या त्या फाटकावर नवा हवालदार उभा ऱ्हाईल. माज्याच ट्रकच्या बाजूला. तो श्वास घेणारच की.

आता दोन मिनिटं शांत उभं ऱ्हायचंय. पण जरा कान द्या. ऐकू येतंय? रस्त्यावर माजा ट्रक चालूच हाय. मी हितं आलो तवापासनं. आता मात्र बॅटरी खरंच उतरलीया, चालू व्हईल का न्हाय म्हणून तसाच ठेवून आलो. अण्णांच्या शोकसभेला!

मी जाऊन बंद करतो. सभा सरली की ढकलायला या. इंजन थांबलं की समद्यांनी उभं ऱ्हावा, आन् दोन मिनिटं तितनं मोजा.

अण्णा, शरणु, हात जोडतो तुमाला. बंद करतो.