आतल्या खोलीची भिंत

जानकी : अहो, थांबा! कोरडी कुठे खरवडताय? आधी पाणी मारा. डॉक्टर काय म्हणाले? कोरडी घासली की बुरशी उडते नि सगळी छातीत जाते.

गुणाजी : विसरलो गो. आणि तू नाकावरचं फडकं खाली कशाला घेतलंस?

जानकी : जीव गुदमरतो त्यात.

गुणाजी : मग बाहेर जा. तुझी पण छाती भरली तर माझी वाट लागेल.

जानकी : मी नाही जायची. माझ्या लेकीची, नंदाची खोली आहे, मीच पुसणार. ब्लीचिंग पावडर कालवलीत ना?

गुणाजी : बादलीत आहे. खिडकी सताड उघडी ठेव. नि संडासाचं ॲसिड त्यात ओतू नकोस हां. साकीनाक्याला आमच्या कारखान्यात एकाने ओतलं, असला विषारी धूर झाला! डोळे चोळत पळालो सगळे.

जानकी : नाही ओतत. कपाट अजून ओढा. अगं बाई, मागे तर सगळी काळीच! आणि हा पापुद्रा बघा. तुमचा गुलाबी ऑइल पेंट.

गुणाजी : गणपती यायचे होते. देवाला ओली भिंत कशी दाखवायची? भर श्रावणात रंग फासला. बाहेरची चीर बुजवायची सोडून पाणी आत कोंडलं मी. अक्कल गहाण टाकली होती.

जानकी : तुम्ही रंग तरी लावलात. मी काय केलं? वारा बाधेल म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. ओले कपडे आतच वाळत घातले. पोर खोकली की दार लावून ओव्याची धुरी. आठ वर्षांची पोर तोंड वासून श्वास ओढायची, नि मी म्हणायची, खिडकी उघडायची नाही.

गुणाजी : गप गो. आपल्या आयांनी हेच केलं.

जानकी : त्यांच्या घरावर कौलं होती. कौलांतून वारा यायचा. इथे चारकोपला डोक्यावर स्लॅब आहे, हे मला कळू नये?

गुणाजी : ते फडकं पीळ. डाग राहिलाय तिथे.

जानकी : जाऊ दे, झालं ते झालं. आता चीर बुजवलीत. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ठेवू, कपडे गॅलरीत. भिंत खडखडीत सुकल्याशिवाय रंग नाही. नि दिवाळीला तिला मालवणहून, वन्संकडून आणायची. दसऱ्याला तुम्ही एकटेच परत आलात, म्हणालात, भिंत साफ करू, मग आणू. झाली ना साफ?

गुणाजी : जानके, ती नाही यायची.

जानकी : म्हणजे?

गुणाजी : आमच्या नलूने बॅग भरून दिली होती. मालवणच्या स्टँडवर एसटीत बसलो पण. गाडी हलली नि नंदा विचारते, "बाबा, त्याच खोलीत झोपायचं?" मी हो म्हटलं. तशी धाप लागली तिला. ओठ निळे पडले. गाडी थांबवून उतरलो. तिकडच्या शाळेत नाव घातलंय तिचं.

जानकी : नि हे मला आज सांगताय? मला न विचारता? आई आहे मी तिची!

गुणाजी : तू असतीस तर तू पण उतरवलं असतंस.

(जानकी बादलीशेजारी खाली बसते.)

जानकी : मी जाते तिकडे राहायला.

गुणाजी : नि बाहेर आमचे म्हातारे अण्णा अंथरुणाला खिळलेत, त्यांना कोण भरवणार? मी कारखान्यात.

जानकी : मग ही भिंत कशाला घासून घेतलीत माझ्याकडून?

गुणाजी : तोंडच उघडेना माझं. इतक्या दिवसांनी तू खुशीत दिसलीस गो.

जानकी : माझी आठवण काढते?

गुणाजी : काढते. रोज काढते.

जानकी : रात्री दम लागला की मी पाठ चोळायची तिची. तिथे कोण उठतं?

गुणाजी : कोणी नाही.

जानकी : कोणीच नाही?

गुणाजी : दम लागतच नाही गो तिला. सकाळपर्यंत गाढ झोपते.