खालचा गेर

(सेनगावकडचं गोरेगाव. दुपार. ओसरीत तातेराव बाजेवर बसलेले. नात आरोही आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला आवळलेलं कंप्युटरवरच्या शर्यतीच्या खेळाचं स्टेअरिंग सोडवत आहे.)

तातेराव : राहू दे की ते. काहून सोडून राहिली?

आरोही : आईला मशीन पाहिजे. दोन वर्षं अडवून ठेवली मी.

तातेराव : तिनं मागितली का?

आरोही : नाही मागितली. म्हणून तर सोडते.

तातेराव : आन् त्या मद्रासवाल्यांनी परत बोलावलं म्हंजे?

आरोही : आबा, किती वेळा सांगू. नेटवरच्या शर्यतीतून पंधरा जणांना बोलावलं होतं. मी चौथी होते. खरी गाडी चालवायला दिली, एकाला ठेवलं, बाकीचे घरी. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही.

तातेराव : चौथी म्हंजे बराबर पळवत होती की. मंग तिथं काय झालं? आल्यापासनं तू नीट बोललीच न्हाई. तुही माय म्हणते गाडी ठोकली.

आरोही : ठोकली नाही. फिरली. दुसऱ्याच चकरीत. पुढं वळण होतं. ब्रेक दाबला, क्लच दाबला, चौथ्यातून तिसरा टाकला आणि क्लच सोडला. मागची चाकं जागच्या जागी अडकली. तोंड मागं फिरलं आणि गाडी मातीत.

तातेराव : मधी रेस न्हाई दिली?

आरोही : नाही.

तातेराव : अगं, किलच सोडायच्या आधी रेस द्यावी लागती. चवडा बिरेकवर, टाच एक्सलेटरवर. इंजिनाला चाकाच्या बराबर आणायचं, मंग खालचा गेर. न्हाईतर इंजिन चाकाला धरून ठेवतंय. सेनगावच्या रोडला तीस वर्षं जीप चालवली मी, दहा-दहा सवाऱ्या घेऊन. एकाची मान हलली न्हाई.

आरोही : तिथले शिकवणारे सरही तेच म्हणाले. घरी रेस कोण देतं, विचारलं. मी म्हटलं, मीच.

तातेराव : मंग?

आरोही : घरी येऊन सेटिंग उघडली. गिअर उतरताना रेस आपोआप, अशी एक खूण होती. काकाच्या दिपकनं गेम टाकून दिला तेव्हापासून चालूच. मी नुसती बोटानं स्टेअरिंगमागची गिअरची पट्टी ओढत होते, आबा. रेस दोन वर्षं कंप्युटर देत होता.

तातेराव : आवाज तर येत होता. मी हितं पडून ऐकायचो. गेर उतरला की घूं. शेजारच्या वैजनाथला सांगितलं बी मी, म्हणलं, पोरीचा पाय माझ्यावर गेला.

आरोही : मलाही तसंच वाटायचं.

तातेराव : गाडीनं सांगितलं न्हाई का? आधी कंबरंत कळतंय.

आरोही : सांगितलं असेल. खेळात कंबरेला काही कळत नाही, खुर्ची ती खुर्चीच. मला ते ओळखूच आलं नाही.

तातेराव : जीपवर कळलं असतं.

आरोही : हो. सातवीत असताना म्हटलं होतं मी तुम्हाला, जीप शिकवा.

तातेराव : आठवत न्हाई.

आरोही : सवाऱ्या उतरल्यावर. दिपकला मांडीवर घेऊन स्टेअरिंग धरू दिलं होतं तुम्ही. मी मागच्या बाकड्यावर होते.

तातेराव : आठवतंय.

आरोही : त्या दिपकची आता पुण्यात बिनागिअरची स्कूटी आहे.

तातेराव : पोरीच्या जातीला जीप काय करायची, म्हणलो होतो मी.

आरोही : एवढंच नाही म्हणालात. सगळे हसले असं काहीतरी म्हणालात. जाऊ द्या.

तातेराव : जीप तर भंगारात गेली. वैजनाथचा टेम्पो हाय. उद्या माळावर नेतो तुला. आठ दिवसांत पाय बसवतो.

आरोही : कशासाठी, आबा?

(तातेराव बाजेवरून उठून टेबलापाशी येतात.)

आरोही : त्या बाजूनं टेबल धरता का? पायडल सरकू नये म्हणून मागं सोयाबीनचं पोतं लावलंय, ते आधी ओढते.

तातेराव : ती खूण बंद करून तरी पाहायचं एक बार.

आरोही : पाहिलं.

तातेराव : कवा?

आरोही : परवा. दिवसभर.

तातेराव : परवा तर नुसतं किंचाळत होतं. घडी घडी गाडी फिरून राहिली होती. मला वाटलं, कोण्या लेकराला बसवलंय तू.

आरोही : नाही. मीच होते.